धरणातल्या होडीचं नाव

रविंद्रने होडी घेतली ती नुसती फिरायला. झरीच्या पाड्यावर ही गोष्ट पचायला जरा वेळच लागला. ना जाळं, ना मासळी. रविवारी पोरांना घेऊन धरणात चक्कर मारायची म्हणून कोणी होडी घेतं का? त्याच्या आईला, ठकीला, मात्र भलतंच बरं वाटत होतं. आपल्या घरात कामाला न जुंपलेली ही पहिलीच वस्तू, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

नावाचं निघालं तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. रविंद्र रंगाचा डबा घेऊन बापापुढे उभा राहिला. "बा, तू सगळा जन्म होडीवर काढलास. नाव तूच सांग."

लाहूने विचारसुद्धा केला नाही. "भारती," तो म्हणाला.

ठकीच्या हातातलं सूप थांबलं.

भारती कोण ते तिला ठाऊक होतं. लाहू समुद्रकाठच्या वरोरला चिमण तांडेलाच्या होडीवर खलाशी होता, आणि भारती ही त्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, बायको. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की लाहू लावणीपुरता घरी यायचा, समुद्र उघडला की परत जायचा. लावणी दोघांची, कापणी ठकीची एकटीची. पोराचे ताप, सासूचं मरण, वाऱ्याने उडालेलं छप्पर, सगळं तिने निभावलं. आणि होडीवर नाव कोणाचं, तर भारतीचं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अगं, डोंगरातला माणूस मी," लाहू समजावू लागला. "होडीत बसलो की ओकायचो. किनाऱ्याला लागलो की तिच्या घरचं पहिलं ताट मला. ते विसरायचं का?"

"विसर असं कोण म्हणतंय? पण नाव लिहायच्या आधी तिला विचारायला नको? चल, मी पण येते."

विचारणं हे निमित्त. तिला ती बाई एकदा बघायची होती.

दुसऱ्या दिवशी दोघं वरोरला गेली. चिमण तांडेल जाऊन बरीच वर्षं झाली होती. भारती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. म्हातारी, जाड चष्म्याची, पण आवाज खणखणीत. लाहूला बघून तिचा चेहरा उजळला. मग तिने त्याच्या मागे पाहिलं.

"ही ठकी ना?"

"तुम्हाला माझं नाव कसं माहीत?" ठकी गोंधळली.

"आता घ्या. अगं बाय, तुझं नाव माहीत नाही असा खलाशी नव्हता आमच्याकडे. जाळं जड लागलं की हा ओरडायचा, 'ये गं ठकी, ये गं ठकी.' त्याच्या मागून सगळे तेच. मला वाटलं, डोंगरातली कोणी देवी असेल. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, देवी नाही गं, बायको आहे त्याची. मग तीच रीत पडली. हा काम सोडून गेला तरी पोरं तसंच म्हणून जाळं ओढायची."

लाहू मान खाली घालून निवडलेली सुकट पुन्हा निवडू लागला होता.

कापणीच्या दिवसांत कंबर धरून शेतात उभी राहिली की ठकीला नेहमी वाटायचं, तिकडे ह्याला आपली आठवण तरी येत असेल का. कोणाला कधी विचारलं नव्हतं. आता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. तिला ह्या बाईचे उपकार मानावेसे वाटले, त्या सगळ्या अनोळखी खलाशांचेही, आणि थोडेसे नवऱ्याचेसुद्धा.

होडीचं ऐकल्यावर भारतीने हात झटकले. "माझं नाव कशाला? ठकीच लिहा की."

ठकी ओट्यावर तिच्याशेजारी बसली आणि तिने तिचा हात धरला.

"ह्याने माझं नाव घेतलं ते तुमच्या हातचं जेवून," ती म्हणाली. "माझं नाव समुद्रावर खूप फिरलं, बाय. आता तुमचं आमच्या धरणात फिरू दे."