एकटीनं पाहिलेला भाग

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही बाई. गेल्या रविवारपासून जिवाला चैन नाही, एवढं खरं.

आधी त्या कोरियन सिरियलचं सांगते — नाहीतर काही कळायचं नाही. सुषमाताई आणि मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर शेजारीशेजारी उभ्या असायचो. दोघी कंत्राटी. कंपनीच्या बसमध्येही शेजारी. फोन तिचा, माझा साधा बटणांचा; इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. सिरियल हिंदीत डब केलेली. एक नूडल्सवाला, त्याच्या हातून चुकून खून होतो आणि मुडदा दुकानाच्या फ्रीजरमध्ये. तपास करणारा इन्स्पेक्टर रोज त्याच दुकानात जेवायला! काय हसायचो गं बाई आम्ही! आणि हसता हसताच एकमेकींचा हात घट्ट धरायचो. आपल्या मालिकांत वाईट माणूस आला की आधी ढोल वाजतात. इथं तो बापडा घाबरट, सारखा घाम पुसणारा, "अजून वाढू का" विचारणारा — आपल्यातलाच वाटायचा. "ह्यो सापडू नये गं," सुषमाताई म्हणायची. खुन्याबद्दल! आमचा नियम एकच होता, एकटीनं पुढं बघायचं नाही.

उगाच लांबवतेय का मी? लांबवतेयच.

त्या दिवशी सकाळी बसमध्ये गोष्ट अशा जागी आली — दुकानातली लाइट जाते, फ्रीजरमधून पाणी ठिबकायला लागतं, पाय ओला झाला म्हणून इन्स्पेक्टर खाली वाकतो — आणि आमची बस गेटवर. फोन लॉकरमध्ये. आत फोन सापडला की कार्ड जमा करून कायमचं घरी, हा कंपनीचा कायदा. पण अख्खी शिफ्ट काढायची कशी? हात वायरींवर, डोकं त्या फ्रीजरमध्ये. लॉकर आम्हा दोघींत एकच, किल्ली दोघींकडं. तिच्या फोनचा पॅटर्न मला पाठ. चहाच्या सुट्टीत ती रांगेत उभी होती, माझ्यासाठीही चहा घ्यायला — आणि मी तिचा फोन ॲप्रनखाली दडवून बाथरूममध्ये गेले.

हो. मीच.

हे काय, इन्स्पेक्टर विचारतो. आइस्क्रीम वितळलं साहेब, नूडल्सवाला म्हणतो. मग आण की एक वाटी, इन्स्पेक्टर म्हणतो. मी फिस्सकन हसले, चांगलं मोठ्यानं. तेवढ्यात बाहेर सिक्युरिटीच्या मावशींचा आवाज, "आटपा गं, सुट्टी संपली!" फोन खिडकीत फिनेलच्या बाटलीमागं सारला आणि बाहेर पडले. नंतर येऊन काढू म्हटलं. तासाभरानं फेरीत तो मावशींनाच सापडला. कव्हरवर सुषमाताईच्या लेकीचा फोटो. कुणाचा फोन, हे विचारायचीही गरज नव्हती.

सुपरवायझरनं तिला सगळ्या लाइनसमोर उभं केलं. "सर, म्या लॉकरातच ठिवला व्हता," ती म्हणत राहिली. किल्ली आणखी कुणाकडं असते, त्यानं विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. "हिच्याकडं हाय. पन ही असलं करायची न्हाई सर. हिची ग्वाही मी देते."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य — किती वेळ लागतो एका वाक्याला? मी नुसती मान हलवली. मी नाही, अशी.

सात वर्षं कंत्राटात काढली होती तिनं. त्याच महिन्यात तिला पर्मनंटचं पत्र मिळायचं होतं. दुपारी तिनं गेटवर कार्ड दिलं आणि जाताना मला म्हणाली, "माज्याबिगर पुढचं बघू नगंस हां." मी घाबरले होते का? होते ना. पण ती नव्हती घाबरली?

आता ती मार्केटमध्ये कांदे निवडते. दोन वर्षं झाली. भेटी होतात आमच्या, पण सिरियलचं नाव तिनं कधी काढलं नव्हतं. गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन — ये, ऱ्हायलेलं बघू. तिच्या घरी भिंतीला टेकून बसलो. तोच फोन, एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. तिच्या बोटांना कांद्याचा वास येत होता. लाइट गेली, ठिबकायला लागलं, इन्स्पेक्टर खाली वाकला — आणि मला हसू फुटलं.

आइस्क्रीमचं वाक्य अजून यायचं होतं.

तिनं सिरियल थांबवली. "आगं, आजून झालंय कुठं काय?"

"जाहिरातीत दाखवलं होतं," मी म्हणाले. तेही खोटंच.

"असंल," ती म्हणाली. माझ्या कानातून सुटत आलेला इअरफोन तिनं नीट बसवला आणि सिरियल पुढं चालू केली. मग ते वाक्य आलं. ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. तिच्याबरोबर मीही हसले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.