तळहातावरचे घट्टे

लोखंडाचा वास आला की काळेवाडीतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मी भंगाराचा धंदा करते; सुरुवातीला सौद्यात पुरुषांपुढे माझा आवाज फुटत नसे. जिममध्ये साठ किलो उचलायला लागले आणि त्याच आवाजाला धार आली. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठ्या कौतुकानं मी आईपुढे लोखंडाचा वास लागलेले तळहात धरले. चाकणच्या कंपनीत माल उचलून हात राठ झालेली आई माझे घट्टे चाचपत रडली. “असे हात नकोत म्हणून तुला शिकवलं, आन् तू फी भरून घट्टे आणलेस व्हय गं?” मी भडकले, “तुला उचलावं लागलं, मी हौसेनं उचलते!” तिनं हात सोडला. पुढे आजारपणात मीच तिला खाटेवरून उचलायचे, तरी ‘शाबास’ म्हणाली नाही. सौद्यात मी कुणाला सोडत नाही. तिच्याकडून तेवढा एक शब्द मात्र मला काढता आला नाही.