लहानू कोतवालाची पीक पाहणी

अल्लीपूरच्या लहानूने एकतीस वर्षं कोतवालकी केली, पण त्यातलं त्याच्या मनापासून आवडीचं काम एकच: पीक पाहणी. तलाठ्याच्या पुढे चालायचं आणि कोणत्या गटात कपाशी, कोणत्यात तूर ते दाखवायचं. काही तलाठी पारावर बसूनच पेरा लिहून मोकळे व्हायचे आणि पडीक वावरातही सातबाऱ्यावर सोयाबीन डोलायचं, हेही खरंच. ते थांबावं म्हणून सरकारने पाहणी मोबाइलवर आणली. शेतकऱ्याने वावरात उभं राहून स्वतःच पिकाचा फोटो काढायचा. राहिलेल्यांचा गावात नेमलेल्या सहायकाने. चांगलंच झालं म्हणा. पायपीट वाचली म्हणून हळहळणारा माणूस गावात एकटा लहानू.

भादवा लागला की त्याचे पाय शिवशिवत. मरायच्या आधी एकदा कोणाच्या तरी पुढे चालत शिवार दाखवावं, एवढीच आस त्याला लागून राहिली होती. "कोनी येऊन गेलं काय?" तो बायकोला, कमलाबाईला, रोज विचारी. ती बिचारी काय सांगणार!

यंदा मात्र आलं कोणीतरी. बापूरावांची वर्षाली, नवी सहायक.

"आबाजी, छत्तीस वावरं राह्यली. मोबाइल गट दाखवते, पन वावरात जायची पांदण कुठून फुटते ते नाई दाखवत. सांगता काय? लिहून घेतो."

लिहून घेणार! म्हणजे सोबत नेणार नाही. लहानूचं मन खट्टू झालं, तरी त्याने सांगितलं. नाला कुठे ओलांडायचा, कोणत्या बाभळीपाशी वळायचं, कोणाचा मारका बैल कुठे बांधलेला असतो, सगळं. वहीची चार पानं भरली. शेवटी राहिलं वासुदेवरावांचं वावर. डांबरी सडकेला लागून, आंधळ्यालाही सापडेल असं.

"ते सांगून नाई समजत," लहानू म्हणाला. "तिथं मलेच यावं लागते."

सरकारी कामात त्याने सांगितलेलं हे पहिलंच खोटं.

वर्षालीने पेन बंद केला. "ते तं माह्या मामाचं वावर हाय, आबाजी. लहानपनापासून जातो मी तिथं."

लहानूने मान खाली घातली. या वयात चोरी पकडली जावी, याची त्याला फार लाज वाटली.

"पन सकाळी सातले तयार राहजा," ती म्हणाली. "गाडी आनतो."

लहानूने मान वर केली. मग तो हळूच म्हणाला, "गाडी नको, पोरी. पायी जाऊ. अन् सडकेनं नाई, पांदणीनं जाऊ."