एका डोळ्याचा सूर्यास्त

कड्याखाली समुद्र तांबूस चकाकत होता. लाट काळ्या खडकावर आपटायची, फुटायची आणि पुन्हा उठून यायची. मी गळ्यात कॅमेरा अडकवून, दगडांवर बसत, सरकत कड्याच्या टोकाकडे निघाले होते. उजव्या डोळ्याची नजर गेल्यापासून पुढचा दगड किती खाली आहे, याचा अंदाजच येत नाही.

"पडशील गं!" ताईनं मागून माझा कुडता घट्ट धरला. "एका डोळ्यानं कसले फोटो काढणार आहेस?"

"फोटो काढताना एक डोळा मिटावाच लागतो, ताई. माझा आयताच मिटलाय."

ती हसली नाही, पण तिनं कुडताही सोडला नाही.

गेलेल्या नजरेचं दुःख मला आहेच. पण म्हणून उरलेली नजर घरात झाकून ठेवायची? ती उरली आहे ती बघण्यासाठीच ना?

सूर्य पाण्यात उतरला. "बुडाला एकदाचा. चल आता," ताई म्हणाली.

"थांब. खरा रंग तर आता चढेल."

ताई पुटपुटत माझ्या शेजारच्या दगडावर बसली. मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला, आणि आभाळ पेटलं.