मुक्या पंख्याची होडी

सातारच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये होडी पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा शेजारच्या कारखान्याचा वॉचमन भांडायलाच आला. होडीच्या मागं माणसापेक्षा उंच पंखा आणि तो फिरवायला मोटारीचं इंजिन. पंखा हवा मागं लोटतो, होडी पुढं जाते. पाण्याखालच्या झाडाझुडपांत काहीच अडकत नाही. महापुरात अशीच हवी. पण कल्ला असा, की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळेना.

"माडीवरनं कुणी हाक मारली तर आपल्याला ऐकू कशी येणार?" माझा भागीदार म्हणाला. फौजेत इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला गडी. मग आम्ही हट्टालाच पेटलो. मोठा सायलेन्सर बसवला, तरी फारसा फरक पडेना, कारण खरा आवाज पात्यांच्या टोकांचा. शेवटी दोन पात्यांचा पंखा काढून चार रुंद पात्यांचा घातला आणि पुल्या बदलून तो सावकाश फिरवला. होडीत गप्पा मारता येऊ लागल्या. मी तर भेटेल त्याला हे ऐकवत सुटलो.

त्याच पावसाळ्यात कृष्णा चढली. सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावात माझी अक्का, अंथरुणाला खिळलेल्या दाजींसकट माडीवर अडकली. फोन लागेना. आम्ही होडी टेम्पोत घातली आणि निघालो.

गावात शिरलो ते कानात प्राण आणून. गल्लीत एक हाक नाही. पावसामुळं दारं-खिडक्या बंद. सगळे आधीच बाहेर पडले असणार, असं आम्ही धरून चाललो. अक्काच्या माडीपुढच्या गच्चीला पाणी टेकलं होतं. मी ओरडलो, पण पत्र्यावरच्या पावसापुढं माझं काय चालणार?

"थांब गड्या, जरा ऐकू दे," भागीदार म्हणाला.

मला त्याचा संताप आला. ऐकायचं काय होतं तिथं? होडी सरळ गच्चीवर चढवायची म्हणून मी इंजिनाला होता नव्हता तेवढा जोर दिला. पंखा किंचाळला, होडी घासत वर चढली.

आणि माडीचं दार उघडलं.

"कवा आलास रं?" अक्का म्हणाली. "सकाळधरनं आवाजाकडं कान लावून बसलोय. सरपंचांनी समद्या गावाला सांगितलंय, होडी वाजली की भाईर या, तवर पावसात भिजत बसू नगा."

मी तिथंच रडलो. दाजींना गोधडीसकट उचलून आम्ही होडीत घेतलं. अक्का बसली आणि रिकाम्या होडीभर नजर फिरवून म्हणाली, "गल्लीतली बाकीची कुठं हायती? त्यांस्नी घेतलं न्हाई?"

भागीदारानं माझ्याकडं बघितलं. मला मान वर करवेना. त्यानं होडी वळवली. परतताना धार उलटी होती, इंजिनाला पुरा जोर द्यावाच लागला. त्या आवाजासरशी, आम्ही रिकामं समजलेल्या पहिल्याच घराची खिडकी आतून उघडली.