प्रश्नचिन्हांची मेल

असले अनुभव मी चहासोबत वाचतो आणि कप विसळताना विसरतो. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी ही एक सांगून टाकतो... वानखेडे काका आता नाहीत, दुसरं कोणी सांगेल असं वाटत नाही.

साल २००३. वर्ध्याला बॅचलर रोडवर माझं सायबर कॅफे होतं, चार कॉम्प्युटरचं. काका तहसीलमधून रिटायर झालेले मराठी टायपिस्ट. मुलगी सुषमा सिंगापूरला नोकरीला. ती मराठीतच मेल करायची, पण तिचा फॉन्ट माझ्याकडे नव्हता, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. काका ती वाचायचे! एकेक इंग्रजी अक्षर कीबोर्डवर शोधून त्यावर बोट ठेवायचे — जुन्या टाइपरायटरवर त्या जागी कोणतं मराठी अक्षर, हे बोटांना पाठ होतं. सुषमाही त्याच मशीनवर शिकलेली, फॉन्टची मांडणीही तीच. म्हणजे यात चमत्कार काही नाही.

त्या सप्टेंबरात काकू सेवाग्रामला दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी आठवडाभराचीच आशा दिली होती. लेक भेटावी, एवढंच त्या सारखं म्हणत. काकांनी सुषमाला मेल करून बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं... पानभर फक्त प्रश्नचिन्हं. ऑफिसच्या मशीनवरून पाठवलं असावं. अशा मेलमध्ये मूळ अक्षरं शिल्लकच राहत नाहीत, एवढं धंद्यामुळे मला कळत होतं.

"काका, हे नाई वाचता येणार. तिले पुन्हा पाठवाले सांगा."

"थांब ना बापू, वाचून राह्यलो मी."

पडद्यावर एकच खूण, आणि बोटं मात्र वेगवेगळ्या कळांवर फिरत होती. म्हातारा खचला, असं वाटून मला फार वाईट वाटलं. मध्येच ते उठले, समोरच्या एसटीडी बूथवर गेले, पाच मिनिटांनी सेवाग्रामच्या ऑटोत बसून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सुषमा आली. मायलेकींना दोन दिवस मिळाले; मीही दवाखान्यात जाऊन आलो. मग काकू गेल्या.

तेरवीनंतर ती कॅफेत आली. "दादा, तुम्ही माही मेल बाबाले वाचून दाखवली, लय उपकार झाले."

"मी? काय होतं त्यात?"

"मी येत नाई, असंच लिहिलं होतं. नवी नोकरी... आता सुट्टी घेतली तर काढून टाकतो म्हणे साहेब. त्या मेलशिवाय हे कोणालेच सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात बाबाचा फोन. मी हॅलो म्हटलं, अन् ते सरळ म्हणाले, साहेब काढते तं काढू दे, तू निघ."

मी ती मेल उघडून दाखवली. ती प्रश्नचिन्हांवरून बोट फिरवत गेली, मग रडायला लागली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

काकांना विचारलं तर म्हणाले, "मले का मालूम? बोटं चालली, तसा वाचत गेलो."

नंतर मी ती मेल कितीतरी जाणकारांना दाखवली. यातून काहीही निघणं शक्य नाही, असं सगळे सांगतात. मलाही ते पटतं. पण काकू लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय... त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.