कार्टूनमधला पाद्री आणि आमची कॅसेट

शनिवारी सकाळी अमेरिकेत देवाची टिंगल चालायची. टीव्हीवर, कार्टूनमध्ये. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आणि बायको मुलाकडे राहायला गेलो होतो, ओहायोतल्या डब्लिनला. मी शिकलोय सातवी, पण टिंगल कळायला इंग्रजी लागत नाही.

त्या कार्टूनमध्ये एक ढेरपोट्या बाप होता. चर्चमध्ये बसला की घोरायचा. पाद्री प्रवचन देता देता चोरून घड्याळ बघायचा. आणि देव कसला, तर ढगावर सपाता घालून बसलेला दाढीवाला म्हातारा. फोन वाजला तरी उचलायचा नाही. एकदा आपल्याकडचा साधूही दाखवला. डोक्याला फेटा, बुडाखाली खिळे, पुढ्यात टोपलीतला साप. काढणाऱ्याने जन्मात साधू बघितला नसेल. स्वतःच्या देवाची थट्टा निदान माहिती असून करत होते. आमच्या वाट्याला तेवढीही मेहनत नाही.

नात तेव्हा नऊ वर्षांची. ती आणि तिची आजी एका रजईत बसून हे बघायच्या. आजीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी हसायला नातीच्या आधी तयार.

एका शनिवारी कार्टूनमध्ये कुणीतरी मेलं. पाद्र्याने भलताच कागद काढला आणि दुसऱ्याच माणसाचं नाव घेऊन गुण गायला लागला. तसा तो मेलेला पेटीत उठून बसला आणि रागाने आपलं नाव सांगायला लागला. बायको पदराने डोळे पुसत हसत होती.

"लाज वाटत नाही?" मी म्हणालो. "मढ्याची मस्करी बघतेस?"

"अहो, बिचाऱ्याला स्वतःच उठून नाव सांगावं लागलं! हसा की जरा. तुमचं तोंड सदा श्राद्धाला बसल्यासारखं."

मी उठून टीव्ही बंद केला. नात रडली. बायको पुन्हा माझ्यासमोर टीव्हीपुढे बसली नाही. त्याच हिवाळ्यात गेली. हृदय बंद पडलं.

वर्षश्राद्धाला मला एकच हवं होतं. आयुष्यभर मी आधी जेवलो, ती मागून, उरलंसुरलं. हे एक पान तरी तिला तिच्या नावाने मिळावं.

तिथी बुधवारी होती. मुलगा म्हणाला, "बाबा, बुधवारी मीटिंग आहे, कॅन्सल नाही करता येणार. शनिवारी करू." म्हणजे पितरांनीही यांची सुट्टी बघून यायचं. गावात गुरुजी एकच, ते कुणाच्या लग्नाला दुसऱ्या राज्यात गेलेले. मग काय, कॅसेट! तिकडे आपले लोक गणपतीसुद्धा कॅसेटवर बसवायचे. टेप सांगणार "पाणी सोडा", की इंजिनियर लोक पाणी सोडणार. पळी सापडेपर्यंत टेप पुढे गेली की पॉज दाबायचं. एवढं शिकून हे शहाणपण.

श्राद्धाची कॅसेट मुलाने कुणाकडून तरी मागून आणली. त्यांच्या घरी गुरुजी आले होते तेव्हा भरून घेतलेली. आधी ऐकून बघायला कुणाला वेळ नव्हता.

सुनेने खीर, वडे केले. मुलगा सोवळं म्हणून धुतलेला लुंगीसारखा पंचा नेसून पाटावर बसला. नातीचं कार्टून बुडत होतं, म्हणून ती फुरंगटली. शेवटी सून म्हणाली, "बघ, पण आवाज बंद ठेव."

तर देखावा असा. खोलीत टेपवर संस्कृत चाललेलं आणि टीव्हीवर तोच पाद्री मुक्याने तोंड हलवतोय. जणू मंत्र तोच म्हणतोय. नात खुदकन हसली. मी तिला झापायला वळलो, तेवढ्यात टेपवर गोत्र आलं, नाव आलं. भलतंच गोत्र, पुरुषाचं नाव. मुलाने ते पोपटासारखं जसंच्या तसं म्हटलं आणि पाणी सोडायला हात पुढे केला.

"थांब! हा कोण?"

"कोण कोण, बाबा?"

"आईच्या पानावर कुणाच्या बापाला बसवलंस?"

त्याचा चेहरा उतरला. खट्‌कन टेप थांबवली. "सॉरी बाबा. रिवाइंड करतो. तेवढं नाव स्किप करू."

"आईला स्किप करतोस?"

"आजोबा, लाइक द कार्टून!" नात ओरडली. मुलगा तिच्यावर खेकसला. मी नाही खेकसलो. ही असती तर हेच बोलली असती, आणि नातीच्या आधी.

"बंद कर ते यंत्र," मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"मी म्हणतो ना आईचं नाव."

"तू पाणी सोड. नाव मी घेतो."

बायकोचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात पुटपुटलो असेन तेवढंच. पुढे "अगं" वर भागलं. आमच्या पिढीची ती मर्दुमकी. त्या दिवशी मोठ्याने घेतलं. आवाज नीट निघाला नाही म्हणून परत घेतलं. मुलाने पाणी सोडलं. शास्त्रात बसतं की नाही, शास्त्रवाल्यांनी बघावं.

"आजीचं नाव ते होतं?" नातीने चक्क मराठीत विचारलं. तिला ठाऊकच नव्हतं. तिला ते तोंडातल्या तोंडात चुकीचं म्हणताना मी ऐकलं, तेव्हा बरोबर येईपर्यंत म्हणायला लावलं.

मुलगा टीव्हीकडे जायला उठला. "बंद करू?"

"राहू दे," मी म्हणालो. "आवाज वाढव."

कार्टून भिकारच होतं. आजही म्हणतो.